परिषदेच्या वाटेवरचे दगड

आमच्या भागात मोठा माणूस येणार असला की आधी दगड रंगवतात. रस्त्याला खड्डे असू देत, नळाला पाणी नसू दे; फाटकापासून मांडवापर्यंत दोन्ही बाजूंनी दगडांची ओळ मात्र हवी. एक चुन्याचा, एक गेरूचा, पुन्हा एक चुन्याचा. ही पद्धत कुणी सुरू केली ते मला माहीत नाही. निजामाच्या वेळी एखाद्या तालुकदाराच्या दौऱ्यासाठी कुणीतरी हौसेनं केली असेल आणि मग थांबवायचं राहून गेलं असेल. वाशी तालुक्यातल्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवतो आहे. एवढ्या वर्षांत त्या ओळींमधून मंत्री चालत गेले, कुलगुरू गेले, एकदा एक क्रिकेटपटू गेला. खाली दगडांकडे बघितलेला एकही पाहुणा मला आठवत नाही. मी या प्रकाराला हसत आलो होतो. दोन वर्षांपूर्वी ते हसणं बंद झालं.

तेव्हा माझ्याकडे एक बाई पीएचडी करत होती. कळंबच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. वडील अजूनही वाशीकडच्या डोंगरात कळप घेऊन असतात. ती त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणतो. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याबरोबर डोंगरात जायची आणि दगडाखालच्या पाली बघत बसायची. घरातल्या भिंतीवरची पाल वेगळी. ही बुटकी, जाड शेपटीची, मातकट रंगाची, दिवसभर चपट्या दगडाखाली राहणारी. तिच्या लक्षात आलं होतं की एका टेकडीवरच्या पालींच्या पाठीवर तुटक पट्टे असतात आणि समोरच्या टेकडीवरच्यांच्या पाठीवर गोल ठिपके. दोन टेकड्यांच्या मध्ये पाच-सहा शेतं. काळी, भेगाळणारी माती, एक दगड नाही. दगडाखाली जगणाऱ्या जिवाला ती माती म्हणजे समुद्रच. हा समुद्र ओलांडून इकडची पाल तिकडे जाते का, हा तिचा प्रश्न. जात नसेल तर किती काळापासून जात नाही, हा त्याच्या पुढचा. जगभरातले जैवभूगोलाचे लोक बेटांवर जाऊन जे विचारतात, तेच ही बाई स्कूटीवरून जाऊन ज्वारीच्या रानाच्या काठाला विचारत होती. प्रश्न तिला शाळेत असतानाच पडलेला होता. माझं मार्गदर्शन म्हणजे त्याला इंग्रजीत नाव देणं, एवढंच.

काम साधं होतं आणि भयंकर चिवट होतं. प्रत्येक टेकडीवर तिनं साठ दगड निवडले. दोन हातांनी उचलतील असे, चपटे. प्रत्येकाच्या पोटाला लाल ऑइलपेंटनं आकडा घातला: उत्तरेच्या टेकडीचे उ, दक्षिणेच्या टेकडीचे द. आकडा खालच्या बाजूला, म्हणजे उन्हापावसानं जाणार नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार नाही. दर महिन्याला दोन रविवार ती एकेक दगड उचलायची, खालच्या पालीच्या पाठीचा फोटो घ्यायची, अंडी असली तर मोजायची आणि दगड होता तसा ठेवायची. पाठीवरच्या पट्ट्या-ठिपक्यांवरून एकेक पाल ओळखू येते. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखंच ते. दगड कसा उचलायचा हे तिला आबांनी शिकवलेलं. पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढायची, म्हणजे खाली विंचू असला तर आपल्यात आणि त्याच्यात दगड राहतो. आणि ठेवताना कडा जुन्या खाचेत बसवायच्या. एकदा मी घाईनं एक दगड नुसताच टाकला, तर आबा उठले, त्यांनी तो पुन्हा उचलून नीट बसवला आणि मग माझ्याकडे बघितलं. विभागप्रमुख झाल्यापासून माझ्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं.

असं चार वर्षं चाललं. शेवटची फेरी मार्चमध्ये, अंडी घातल्यावर, व्हायची होती. तेवढी झाली की नोंदींची शृंखला पूर्ण. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदत जूनपर्यंत होती आणि ती दोनदा वाढवून झालेली होती.

त्याच सुमारास कॉलेजला राष्ट्रीय परिषद घ्यायची हुक्की आली. हुक्की म्हणजे गरज. मूल्यांकन समिती येणार होती आणि तिच्या तक्त्यात राष्ट्रीय परिषदांच्या रकान्यात आमचं शून्य होतं. प्राचार्यांना विषयाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी चौकशी केली की कॉलेजात असं कुणाचं काम आहे ज्याचं नाव बाहेर निघालंय, आणि या बाईचं निघालं, कारण बंगळुरूच्या एका पोस्टर-स्पर्धेत तिच्या पालींना उत्तेजनार्थ काहीतरी मिळालं होतं. मग ठरलं: परिषद जैवभूगोल आणि उत्क्रांतीवर, दोन दिवस, फेब्रुवारीअखेर. सोबत एक युवा संशोधक पुरस्कार, तो हिलाच. ती तेव्हा सदतीस वर्षांची होती, पण पुरस्कारांच्या जगात माणूस बराच काळ युवा राहतो.

तिला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. मलाही झाला होता. आबांसाठी तिनं कळंबच्या बाजारातून नवा सदरा आणि धोतर आणलं.

परिषदेसाठी अकरा समित्या झाल्या. त्यांची एकत्र बैठक चार तास चालली. त्यात शास्त्रीय सत्रांना दहा मिनिटं मिळाली; फ्लेक्सवर कुणाचा फोटो किती मोठा, याला तासभर लागला. प्रमुख पाहुणे दूरच्या शहरातले, उत्क्रांतीतले खरोखरच मोठे अभ्यासक. त्यांचा फोटो शेवटी संस्थेच्या अध्यक्षांच्या कोपराखाली बसवला. साडेतीन तास झाल्यावर सुशोभन समितीचे प्रमुख, म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक, उठले आणि त्यांनी अडचण मांडली. स्वागताच्या वाटेला दगड नाहीत. आवार सगळं काळ्या मातीचं, होते ते दगड कंपाउंडच्या कामात गेले. आता दगड कुठून आणायचे, यावर चर्चा सुरू झाली. विटा उभ्या लावाव्यात का. कुंड्या चालतील का. अध्यक्षांना कुंड्या आवडत नाहीत असं कुणीतरी म्हणालं.

मला भूक लागली होती आणि माझा स्वभाव असा की भूक लागली की टोमणे सुचतात. मी म्हणालो, "डोंगर पडलाय की अख्खा. तोच आणून ठेवा."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, टोमणा वाया गेला. तो वाया गेला नव्हता.

परिषदेच्या दिवशी सकाळी मी लवकर पोहोचलो. वाट तयार होती. दोन्ही बाजूंनी दगड, सारख्या अंतरावर, एक पांढरा, एक गेरूचा. क्रीडाशिक्षक शिट्टी गळ्यात घालून मैदान आखल्यासारखे ओळ बघत उभे होते. मला म्हणाले, सर, नशीबच म्हणा, एकसारखे चपटे दगड मिळाले, आणि सहज निघत होते हो, जणू कुणी आधीच मोकळे करून ठेवलेत. मी मान डोलावली आणि पुढे गेलो. मला काहीही कळलं नाही. चार वर्षं ज्या दगडांचे आकडे मी तक्त्यात वाचले, ते माझ्या दोन्ही बाजूंना होते आणि मी त्यांच्यामधून, इतर सगळ्या पाहुण्यांसारखाच, समोर बघत चालत गेलो.

ती साडेनऊला आली. मागे आबा, नव्या सदऱ्यात अवघडून. फाटकातून आत आल्यावर ती दहा-बारा पावलं चालली आणि थांबली. नंतर तिनं साडीचा पदर खोचला, खाली बसली, एका पांढऱ्या दगडाची पलीकडची कड धरली आणि तो आपल्याकडे ओढून उलटा केला. मी मांडवाच्या दारातून बघत होतो. ती उठेना, म्हणून गेलो.

दगडाच्या पोटावर लाल आकडा होता, उ ४१. शेजारी हरभऱ्याएवढी दोन अंडी दगडाला चिकटलेली. एकावर चुन्याचा ओघळ आला होता. दुसरं फुटलेलं होतं.

तिनं पुढचा उलटला. द ७. त्याच्या पुढचा उ १९. उत्तर आणि दक्षिण एकाआड एक, चुना आणि गेरूसारखी.

मी तसाच मागे फिरलो आणि प्राचार्यांना गाठलं. ते पाहुण्यांच्या गाडीची वाट बघत पुष्पगुच्छ हातात घेऊन उभे होते. मी काय झालंय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट माणूस नाहीत ते, आणि म्हणाले की कार्यक्रम झाला की बघू, दगड काही पळून जात नाहीत. तेवढ्यात गाडी आली आणि तेरखेड्याहून मागवलेली फटाक्यांची माळ लावली. उत्क्रांतीचे मोठे अभ्यासक कानांवर हात ठेवून खाली उतरले आणि उलट्यासुलट्या दगडांमधून चालत मांडवात गेले. वाटेत एक बाई जमिनीवर बसलेली त्यांना दिसली असणार. सुशोभनाचं काम अजून उरकायचं आहे, असं वाटलं असेल.

दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. मग सत्कार. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. शालींचा ढीग कमी होईना. मांडव देणाऱ्याचा सत्कार झाला, ज्या बागाईतदार पालकानं ट्रॅक्टर दिला त्याचा झाला. संस्थेचे अध्यक्ष पाऊण तास बोलले. आपल्या मातीतली पाल आज राष्ट्रीय पातळीवर गेली, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पाल मातीत राहत नाही, दगडाखाली राहते, एवढीच त्या संशोधनाची गोष्ट होती. पण ती सांगायला तिथं कुणी नव्हतं. जिची होती ती बाहेर होती.

मग पाहुण्यांना बोलायला वीस मिनिटं उरली. ते छान बोलले. अडथळा म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं: कधी नदी, कधी पर्वत, कधी नुसतीच वेगळ्या मातीची एक पट्टी. दोन्हीकडचे जीव वेगळे होत जातात, त्याला लाखो वर्षं लागतात, आणि हा वेगळेपणा एकदा मिसळला की मागे नेता येत नाही. मांडवाची एक बाजू उन्हासाठी वर बांधलेली होती. तिच्यातून मला ती दिसत होती. आबा तांब्यातलं पाणी दगडावर ओतत होते, ती ओल्या फडक्यानं खाली ओघळलेला गेरू पुसून आकडा वाचत होती आणि वहीत लिहीत होती.

पुरस्काराची वेळ जवळ आली तशी प्राचार्यांनी मला खूण केली. मी बाहेर गेलो. म्हणालो, तुमचं नाव पुकारतील आता, पाच मिनिटं या, मग मीही बसतो तुमच्याबरोबर.

"सर, ऊन चढायलंय," ती म्हणाली. वर न बघता. "अंडी तापतील. मला सगळे सावलीत न्यायचेत."

आबा तांब्या खाली ठेवून माझ्याकडे आले. त्यांचा नवा सदरा कोपरापर्यंत लाल झाला होता. त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण ते माझ्या शब्दांत लिहायची माझी लायकी नाही.

"सर, परवा ट्रॅक्टर आला तवा म्या तिथंच व्हतो. म्या इचारलं, कशाला नेता, पोरीचे हायती ते. तर म्हनले, सरांनी सांगितलंय, परिषदेला लागतेत. तुमचं नाव सांगितलं. मला वाटलं, लोकांना दावायला असतील. मग म्या बी उचलू लागलो. निम्मे म्याच दिले ट्रॉलीत."

ती हात थांबवून ऐकत होती. आबांचं हे तिलाही नवं होतं. तिनं विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं, सर?"

मी बैठकीत काय म्हणालो होतो ते सांगितलं. जसंच्या तसं.

"चेष्टेत?"

"चेष्टेत."

"त्यांनी लिहून घेतलं असेल," ती म्हणाली आणि पुढचा दगड उलटा केला.

त्यांनी खरंच लिहून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्ताची वही मागवून पाहिली. ठराव क्रमांक नऊ: प्राणिशास्त्र विभागप्रमुखांनी डोंगरात दगड मुबलक उपलब्ध असल्याची माहिती दिली, त्यानुसार सुशोभन समितीनं कार्यवाही करावी. खाली सगळ्यांच्या सह्या. माझीही. बैठकीच्या शेवटी वही फिरली होती आणि मी न वाचता सही केली होती, कारण इतिवृत्त वाचणारा माणूस मला नेहमी हास्यास्पद वाटत आला होता.

ध्वनिक्षेपकावरून तिचं नाव पुकारलं गेलं. दोनदा. मग सूत्रसंचालिकेनं सांगितलं की पुरस्कारार्थी प्रकृतीच्या कारणास्तव उपस्थित राहू शकल्या नाहीत, त्यांच्या वतीनं प्राचार्य पुरस्कार स्वीकारतील. पुरस्कारार्थी तेव्हा मांडवापासून चाळीस पावलांवर होत्या आणि त्यांची प्रकृती उत्तम होती. दोन्ही हातांनी एक दगड धरून त्या लिंबाच्या सावलीकडे निघाल्या होत्या.

मी मांडवात परत गेलो नाही. चहाच्या सुट्टीत पाहुण्यांना बाहेर घेऊन आलो. त्यांना दोन वाक्यांत सगळं कळलं. हे मान्य करायला हवं. ते उकिडवे बसले, उ ४१ त्यांनी हातात घेतला, अंड्याकडे चष्मा वर करून बघितलं. दोन्ही टेकड्यांचे दगड एकाच ट्रॉलीत आले का, हा त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न, आणि तोच नेमका होता. आबांनी सांगितलं, एकाच. आधी उत्तरेकडं भरली, मग दक्षिणेकडं नेली, तिथं ती जड झाली म्हणून उत्तरेचे पंधरा-वीस दगड दक्षिणेच्या पायथ्याशी उतरवून ठेवले. अंड्यांसकट, आणि खाली चिकटून आलेल्या पालींसकट.

पाच-सहा शेतांची काळी माती ओलांडायला जे त्या जिवांना लाखो वर्षांत जमलं नसेल, ते एका परिषदेच्या स्वागतासाठी एका दुपारी जमवून दिलं होतं. पाहुण्यांनी तिला विचारलं की पुन्हा सुरुवात करायची झाली तर? ती म्हणाली, इथं नाही करता येणार, आता इकडची पाल तिकडे दिसली तर ती चालत आली की ट्रॅक्टरनं आली, मी कसं सांगू? पाहुण्यांनी मान हलवली आणि आपण हवं तर शिफारसपत्र देऊ, असं म्हणाले. मनापासून म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाकडेही त्या क्षणी देण्यासारखं तेवढंच होतं, याचा मला त्यांच्यावर नाही, सगळ्याच रचनेवर राग आला. आमच्याकडे शाली आहेत, चौकटी आहेत, प्रमाणपत्रं आहेत, शिफारसपत्रं आहेत. दगड जागच्या जागी ठेवण्याची व्यवस्था मात्र कुणाकडे नाही.

दुपारच्या जेवणानंतर निम्मे प्रतिनिधी तुळजापूरला दर्शनाला गेले. जाता जाता दोघा-तिघांनी लिंबाखालच्या दगडांपाशी उभं राहून फोटो काढले. त्यांना ते प्रदर्शन वाटलं.

अंडी वाचली नाहीत. तिनं आणि आबांनी दगड आकड्याप्रमाणे परत नेऊन बसवले, तीन रविवार लागले. मीही होतो. नेताना मी क्रीडाशिक्षकांना बरोबर घेतलं होतं. त्यांनी वाटेत चारदा माफी मागितली आणि सगळ्यात जड दगड स्वतः उचलले. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की दगडाखाली काही असतं. सांगायचं काम माझं होतं. एकाच स्टाफरूममध्ये आम्ही एकोणीस वर्षं चहा पीत होतो.

प्रबंध तिनं जूनच्या आत लिहून माझ्याकडे दिला. शेवटच्या प्रकरणात एक वाक्य लिहिलं: शेवटची फेरी होऊ शकली नाही, कारण दोन्ही टेकड्यांवरचे खुणेचे दगड परिषदेच्या स्वागतमार्गासाठी उचलून नेण्यात आले आणि एकमेकांत मिसळले. प्राचार्यांच्या कानावर ते गेलं. त्यांनी मला बोलावलं, चहा मागवला, आणि म्हणाले की वाक्य खरं आहे, पण असं लिहायची गरज आहे का, नैसर्गिक कारणांमुळे असं लिहिलं तर? मूल्यांकनाची मंडळी पुढच्या महिन्यात येतायत. मार्गदर्शक म्हणून सही तुमची लागते, म्हणून तुम्हालाच बोलावलं. त्यांच्या टेबलामागे कपाटात तिचा पुरस्कार होता, काचेच्या चौकटीत, पिशवीतून न काढलेला. तो न्यायला ती कधी आलीच नव्हती.

मी चहा प्यायलो आणि बाहेर आलो. नंतर कार्यालयात जाऊन ठराव क्रमांक नऊची प्रत काढून घेतली, साक्षांकित, शिक्क्यासकट. कारकून म्हणाला, कशाला लागते सर? मी म्हणालो, संशोधनाला. ती मी तिला नेऊन दिली आणि सांगितलं की परिशिष्टात लावा. नुसत्या वाक्याला आधार लागतो. तिनं प्रत वाचली. माझं पदनाम होतं त्या ओळीवर तिचं बोट क्षणभर थांबलं.

"यात तुमचंच येतंय, सर."

"माझंच आहे," मी म्हणालो, आणि प्रबंधावर सही केली.

पदवी तिला मिळाली. प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही आणि त्या दोन टेकड्यांवर आता ते कुणालाच मिळणार नाही. मूल्यांकनात आम्हाला परिषदेचे गुण पूर्ण मिळाले.

आबा अजून त्याच डोंगरात असतात. त्या दिवसापासून त्यांनी एक नवीन नेम धरला आहे. डोंगरात कुणीही आलं, मुरूम न्यायला, मोजणी करायला, फोटो काढायला, आणि त्यानं कॉलेजचं नाव घेतलं, की ते मेंढरं तशीच सोडून मला फोन लावतात. मी वर्गात असलो तरी उचलतो.

"सर, ही मानसं आलीत. तुमचं नाव सांगायलीत. तुमी सांगितलंय का?"

मी नाही म्हणतो. ते पुन्हा विचारतात, चेष्टेत बी न्हाय ना? मी म्हणतो, चेष्टेतही नाही. मग ते फोन त्या माणसाच्या हातात देतात आणि मला ते सगळं पुन्हा एकदा, नीट, शब्दांनी सांगायला लावतात.